डबल स्टँडचं दुखणं

आमच्या गिरगावच्या वाडीत स्कूटर साईड स्टँडवर लावणं हा चारित्र्यदोष समजतात. तिरकी उभी गाडी शेजारच्याची वीतभर जागा खाते, आणि इथे एक वेळ उधारी बुडवलेली चालते, जागा खाल्लेली नाही. त्यामुळे डबल स्टँड ठणठणीत असणं ही इभ्रतीची बाब. माझा मात्र रस्त्यातच लोंबायला लागला. खड्डा आला की खण्ण! सिग्नलला प्रत्येक जण ओरडणार, "काका, स्टँड!"

ऑपेरा हाऊसचा स्पेअर पार्ट्सचा बाजार घरापासून चालत जाण्याजोगा. तिथल्या दुकानदाराने आधी गाडीचं मॉडेल, मग साल, मग चाकाचा आकार विचारला. माझ्या लग्नाच्या वेळीही इतकी चौकशी झाली नव्हती. स्टँड जरा आखूड निघाला तर मागचं चाक उचलत नाही, लांब निघाला तर माणूस उचलत नाही, म्हणून म्हणे. शेवटी निकाल दिला, "स्टँड बरा आहे, स्प्रिंग बदला." मेकॅनिक म्हणाला, "स्प्रिंगला काय झालंय? स्टँड ज्यावर फिरतो ती पिन झिजलीय, तिच्याभोवतीचं बुश गेलंय." वेल्डिंगवाल्याच्या मते स्टँडचे पायच घासून आखूड झाले होते, पट्टी मारायला हवी. प्रत्येकाचं निदान त्याच्या दुकानात मिळणाऱ्या वस्तूपाशी येऊन थांबत होतं. वाईट याचं की तिघांचंही खरं होतं.

पिन हातोडीने ठोकून काढावी लागली. चौपाटीची खारी हवा, पावसाळ्यातला चिखल आणि ग्रीसचा पत्ता नाही. गंजणार नाही तर काय? पण वाकली होती ती गंजाने नव्हे. उत्सव मंडळाच्या बैठका माझ्या गाडीवर भरतात. एक सीटवर, एक मागे, तिसरा पायदानावर. वर्गणीवरून वाद पेटला की तिघेही डोलतात, आणि सगळा भार त्या बोटभर पिनेवर.

नवी पिन, बुश, ग्रीस, स्प्लिट पिन, पायांना पट्टी इथवर सुरळीत पार पडलं. मग आली स्प्रिंग. ही हाताने ताणून हुकात अडकवायची म्हणजे मनगटाची कसोटी. पक्कड सटकली, स्क्रूड्रायव्हर उडाला. तेव्हा मेकॅनिकच्या हाताखालचा पोरगा म्हणाला, "नाणी द्या." स्प्रिंग एका बाजूला वाकवून वेढ्यांत नाणी खोचायची, मग दुसऱ्या बाजूला. ती लांबलेलीच राहते आणि अलगद हुकात बसते.

पण नाणी आणायची कुठून? वडापावसुद्धा फोनवरून घेणारी आमची वाडी! अखेर तळमजल्यावरच्या काकूंनी देवापुढचा डबा दिला, मोजून.

स्प्रिंग बसली. स्टँड खालीवर केल्याबरोबर नाणी टपटप गळली. मग पोराने मला गाडी चढवायचा धडा दिला: डावा हात हँडलला, उजवा मागच्या दांड्याला, उजवा पाय स्टँडच्या खुंटीवर, आणि सगळं वजन पायावर. "ओढू नका काका, उभे राहा." माझं वजन आयुष्यात पहिल्यांदाच कामी आलं. गाडी टुणकन चढली.

काकूंनी नाणी धुऊन मागितली आणि पुन्हा मोजली. एक कमी होतं. स्टँडखाली वाकून ते शोधावं म्हणून गेलो, तर सीटवर बैठक भरली होती.