कंडेन्सर लावण्याआधी मोटरची प्लेट वाचा

थ्री फेज कनेक्शनच्या मागे लागू नका, एक कंडेन्सर लावा, कोणतीही थ्री फेज मोटर घरच्या लाइनवर पूर्ण ताकदीनं चालते आणि बिलही कमी येतं, असा मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरतो आहे. दारव्हा तालुक्यात माझं मोटर भरायचं, म्हणजे जळालेलं वाइंडिंग नव्यानं गुंडाळायचं दुकान आहे. हे वाचून जोडलेल्या मोटारी जळून माझ्याच टेबलावर येतात. कर्ज काढून लेथ घेतलेल्या पोराची मोटर उघडताना जीव तुटतो, म्हणून लिहितो आहे.

‘कोणतीही मोटर’ हे सगळ्यात घातक. मोटरमधली तीन वाइंडिंग जोडायच्या दोन पद्धती असतात, स्टार आणि डेल्टा; कोणती आणि किती व्होल्टला, ते मोटरच्या प्लेटवर लिहिलेलं असतं. आपल्याकडे २ एचपीपर्यंतच्या बहुतेक मोटारी ४१५ व्होल्टला स्टारमध्ये जोडलेल्या असतात. टर्मिनल बॉक्समध्ये सहाही टोकं असतील तर पट्ट्या बदलून ती मोटर डेल्टात घेता येते, मग तिला २३० व्होल्ट पुरतात. पण ५ एचपीची मोटर बहुतेक वेळा आधीच ४१५ ला डेल्टात असते. तिला २३० दिले की टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, व्होल्टेजच्या वर्गानं घटतो, म्हणजे जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. ती घुमते, उचलत नाही, आणि काही मिनिटांत वार्निशचा वास येतो. कितीही कंडेन्सर लावले तरी हे बदलत नाही. सबमर्सिबलमधून तर बहुधा तीनच वायरी बाहेर येतात, तिथे पट्टी बदलायचा प्रश्नच नाही.

आता ‘पूर्ण ताकद’. बरोबर डेल्टात घेतलेली, बरोबर कंडेन्सरची मोटरसुद्धा साधारण ६० ते ७० टक्केच ताकद देते. अंदाज असा की किलोवॉटमागे ७० मायक्रोफॅरड, म्हणजे १ एचपीला पन्नासेक. सुरू होताना त्याच्या दुप्पट लागतो आणि वेग आला की जादाचा काढावा लागतो. चालू राहणारा कंडेन्सर ४४० व्होल्टचाच घ्या, कारण त्याच्यावर लाइनपेक्षा जास्त व्होल्टेज येऊ शकतं. आणखी एक गोष्ट मेसेजवाल्यांनी कधी पाहिलेलीच दिसत नाही: फुल लोडसाठी निवडलेला कंडेन्सर मोटर रिकामी फिरताना एका वाइंडिंगला जादा करंट पाजतो. लेथ तर जॉब बदलताना, माप घेताना रिकामाच फिरतो. माझ्याकडे आलेल्या कित्येक मोटारींत एकच वाइंडिंग काळं पडलेलं होतं.

त्यात संध्याकाळी डीपीच्या (गावच्या ट्रान्सफॉर्मरच्या) लाइनच्या शेवटच्या टोकाला १८० व्होल्ट आले, तर उरलेल्या ताकदीचाही साठ टक्केच हिशेब.

बिल कमी येत नाही. मीटर युनिट मोजतो, आणि अशी मोटर त्याच कामाला जास्तच खाते. उलट घरगुती मीटरवर दुकान चालवलं तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दरानं आकारणी होऊ शकते.

मग सिंगल फेजवर काहीच चालत नाही का? चालतं. दीड-दोन एचपीच्या ड्रिल किंवा लेथला व्हीएफडी (मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) लावा, २३० सिंगल फेज आत आणि २३० थ्री फेज बाहेर देणारा. मोटर डेल्टात हवी, आणि ड्राइव्ह व मोटर यांच्यामध्ये कॉन्टॅक्टर किंवा स्विच घालायचा नाही, बंद-चालू ड्राइव्हवरूनच. मोटर हळू उठते, चालू करताना घरातले दिवे डिम होत नाहीत, वेगही कमीजास्त करता येतो. कंडेन्सरपेक्षा महाग पडतो, पण वाइंडिंग वाचतं.

५ एचपीसाठी मात्र थ्री फेजच मागा. तीच मोटर २३० साठी भरून फुल लोडवर चालवली तरी सिंगल फेजवर वीसच्या वर अँपिअर ओढेल, थ्री फेजवर साडेसातच्या आसपास. घराच्या मीटरपासून दुकानापर्यंत ओढलेली बारीक वायर एवढा करंट पेलेल का, ते आधी बघा.