सीपीके ही मेहनतीची पावती नव्हे

गेल्या रविवारी माझ्या भाच्यानं घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. तो साताऱ्यात पोलीस भरतीची तयारी करतो. आदल्या शुक्रवारी मित्रांशी पैज लावून त्यानं ३०० बैठका मारल्या होत्या. दोन दिवस मांड्या दुखून जिना उतरता येईना, म्हणून एका मित्रानं त्याला लॅबमध्ये नेलं. रक्तातलं सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारं एन्झाइम) ४,२०० आलं. त्यानं तो रिपोर्ट टाकला आणि खाली फिरत आलेला मेसेज जोडला, "आत्या, हे वाच, काळजी करू नकोस" असं लिहून.

मेसेज मी याआधी तीनदा तरी पाहिला आहे. त्यातला मजकूर थोडक्यात असा: "जिमवाल्यांनो, सीपीके वाढलं म्हणून घाबरू नका, ती मेहनतीची पावती आहे. स्नायू तुटल्याशिवाय वाढत नाहीत. दुखत असेल तर गोळी घ्या, पण खंड पडू देऊ नका. लघवी चहासारखी झाली तर शहाळ्याचं पाणी भरपूर प्या, घाण निघून जाते. एसजीओटी, एसजीपीटी वाढलं तर लिव्हरचा काढा घ्या. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर आजच बंद करा. आणि ज्यांचं सीपीके काही न करता वाढलेलं असतं त्यांनी जन्मभर व्यायामाच्या वाटेला जाऊ नये."

त्या शेवटच्या वाक्यातली बाई मी आहे. माझं सीपीके गेली अकरा वर्षं हजाराच्या खाली आलेलं नाही. बहुतेक लॅबच्या कागदावर वरची मर्यादा २०० च्या आसपास छापलेली असते. म्हणून हे उत्तर सविस्तर लिहिते आहे.

पहिला मुद्दा पावतीचा. सीपीके, म्हणजे क्रिएटिन फॉस्फोकायनेज, हे स्नायूंच्या पेशींच्या आत राहणारं एन्झाइम आहे. स्नायूला झटक्यात लागणारी ऊर्जा पुरवायला ते मदत करतं. पेशीचं आवरण फाटलं की ते रक्तात सांडतं. म्हणजे रिपोर्टवरचा आकडा किती सांडलं ते सांगतो, किती कमावलं ते नाही. रोज तालमीत जाणारा पैलवान आणि सहा महिन्यांनी पहिल्यांदा बैठका मारणारा माणूस यांनी सारख्याच बैठका मारल्या, तर जास्त सीपीके बहुधा दुसऱ्याचं येईल. सरावलेला स्नायू कमी फाटतो. पावतीच म्हणायची तर ती सराव नसल्याची म्हणावी लागेल.

मेसेजमध्ये खऱ्याचा अंशही आहे, तो मान्य करते. अनोळखी व्यायामानंतर सीपीके वाढतं, कधी दहा हजारांच्याही वर जातं आणि तरी मूत्रपिंडाला काही होत नाही. निरोगी माणसांवर केलेल्या प्रयोगांत हे दिसलं आहे. विशेषतः ज्या हालचालीत स्नायू ताणला जात असताना जोर लावावा लागतो, म्हणजे बैठकीत खाली जाताना, डोंगर उतरताना किंवा वजन हळूहळू खाली ठेवताना, तिथे हे जास्त होतं. आकडा एक ते तीन दिवसांत, कधी चौथ्या दिवशी, सर्वांत वर जातो आणि मग साधारण दीड दिवसाला निम्मा होत उतरतो. तेव्हा भाच्याचे ४,२०० हे एकटे पाहिले तर भीतीचे नाहीत. पण ते चढतीवरचे आहेत की उतरतीवरचे, हे एका रिपोर्टवरून कळत नाही.

आणि "खंड पडू देऊ नका" हे तर सरळ घातक आहे. जानेवारी २०११ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या फुटबॉल संघातले १३ खेळाडू एकाच आठवड्यात रुग्णालयात दाखल झाले. ही तगडी, वर्षानुवर्षं कसलेली मुलं. सुमारे तीन आठवड्यांची सुट्टी संपवून आली आणि परतल्यावरच्या व्यायामात त्यांना खांद्यावर वजन घेऊन १०० स्क्वॉट्स करायला लावले, तेही घड्याळ लावून. स्नायू इतके फुटले की त्यातलं द्रव्य रक्तात उतरलं आणि मूत्रपिंडाला धोका निर्माण झाला. याला रॅब्डोमायोलिसिस, थोडक्यात रॅब्डो, म्हणतात. मुलं बरी झाली. पण सुट्टीनंतरचा पहिला दिवस, एकाच स्नायूवर शेकड्यांनी आवर्तनं आणि थांबायची मुभा नाही, या तीन गोष्टी एकत्र आल्या की कसलेलं शरीरही टिकत नाही, हे त्यातून दिसलं. आपल्याकडे भरतीची जाहिरात निघाल्यावर अचानक सुरू होणारा सराव आठवून पाहा. शाळेत उठाबशांची शिक्षा देणाऱ्यांनीही ही गोष्ट मनावर घ्यावी. अशा शिक्षेनंतर मुलांना रॅब्डो झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

गोळीबद्दल एवढंच: डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. घाम जाऊन शरीर कोरडं पडलेलं, स्नायूतून सांडलेलं मायोग्लोबिन हे प्रथिन गाळत मूत्रपिंड आधीच थकलेलं, अशा वेळी ही गोळी म्हणजे दुसरा घाव.

आता लघवीबद्दल. हे वाचताना दर वेळी माझे हात थरथरतात.

मी २६ वर्षांची होते. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. पाणी आठवडाभर नव्हतं, टँकर आला आणि मी एकामागून एक आठ हंडे वर नेले. दंड दगडासारखे घट्ट झाले, बोटं सरळ होईनात. संध्याकाळी लघवी कोऱ्या चहासारखी झाली. शेजारच्या काकूंनी प्रेमानं शहाळी आणून दिली. मी तीन प्यायले. दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या आणि लघवी जवळजवळ थांबली. ज्या डॉक्टरांकडे आधी गेले त्यांनी मुतखडा म्हणून औषध दिलं, कारण लघवीच्या तपासणीत रक्त भरपूर दाखवलं होतं. त्याच कागदावर खाली लाल पेशी शून्य लिहिल्या होत्या. रक्त आहे, पण रक्ताच्या पेशी नाहीत, ही विसंगती म्हणजेच मायोग्लोबिनची ओळख, कारण लघवीत बुडवायची पट्टी मायोग्लोबिनलाही रक्तच समजते. रात्री मोठ्या रुग्णालयात सीपीके ८६,००० आलं. पाच दिवस सलाईन चाललं. डायलिसिस टळलं.

तो रंग "घाण" नसतो, ते स्वतःच्या स्नायूतलं प्रथिन असतं. मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत ते साचतं आणि त्यांना इजा करतं. मायोग्लोबिन काही तासांतच रक्तातून निघून जातं, म्हणून लघवी दुसऱ्या दिवशी स्वच्छ दिसली तरी धोका टळला असं नसतं.

शहाळ्याचं का घातक, तेही सांगते, कारण हे सांगितल्यावर लोक मला वेड्यात काढतात. फुटलेल्या स्नायूतून पोटॅशियम रक्तात ओतलं जातं. मूत्रपिंड चालत नसेल तर ते बाहेर पडत नाही आणि हृदयाचे ठोके बिघडतात. रॅब्डोत पहिल्या तासांत जीव जाण्याचं हे एक मोठं कारण आहे. शहाळ्याच्या एका पेल्यात साधारण ४०० ते ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. उन्हातून आलेल्या धडधाकट माणसाला ते अमृत आहे, पण त्या संध्याकाळी माझ्यासाठी नव्हतं. लघवी चहासारखी किंवा कोलासारखी झाली, तर साधं पाणी पीत थेट अशा रुग्णालयात जायचं जिथे रात्रीही सीपीके, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), पोटॅशियम आणि ईसीजी होतो. घरी थांबून पाहायचं नाही.

लिव्हरच्या काढ्यानं माझी दोन वर्षं खाल्ली. एसजीओटी आणि एसजीपीटी यांना आपण सर्रास लिव्हरच्या तपासण्या म्हणतो, पण ही दोन्ही एन्झाइम स्नायूंतही असतात, एसजीओटी तर भरपूर. स्नायू फुटले की दोन्ही वाढतात. माझं वाढलेलं पाहून मला तेल-तूप बंद झालं, "दारू घेता का" हे पुन्हा पुन्हा विचारलं गेलं, सोनोग्राफी दोनदा झाली. सीपीके करायला कुणी सांगितलं नाही. कुणाच्या बाबतीत असं कोडं पडलं असेल तर दोन तपासण्या डॉक्टरांना आवर्जून विचारा: जीजीटी आणि सीपीके. जीजीटी हे लिव्हरशी निगडित एन्झाइम आहे, ते स्नायूतून येत नाही. ते नॉर्मल आणि सीपीके चढलेलं असेल, तर लिव्हरवर आळ घेण्याआधी स्नायूंकडे पाहावं लागतं.

कोलेस्टेरॉलच्या गोळीचा मुद्दा थोडक्यात. या गोळ्यांमुळे, म्हणजे स्टॅटिनमुळे, रॅब्डो होऊ शकतो, हे खरं आहे. सेरिव्हास्टॅटिन हे औषध याच कारणानं २००१ मध्ये जगभरातून मागे घेतलं गेलं. पण आज वापरात असलेल्या स्टॅटिननी एवढा गंभीर त्रास क्वचितच होतो. हृदयविकार होऊन गेलेल्या माणसानं एका मेसेजवरून गोळी बंद केली तर तो धोका कितीतरी मोठा आहे. अंग दुखत असेल, लघवी गडद असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक नव्यानं सुरू झालं असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. थायरॉईडही तपासून घ्या. थायरॉईड मंद असला तरी सीपीके वाढतं.

राहिला माझ्या जन्मभराच्या व्यायामाचा प्रश्न.

शाळेची सहल अजिंक्यताऱ्यावर जायची तेव्हा पहिल्याच वळणावर माझ्या पोटऱ्या पेटायच्या. बाई म्हणायच्या, आळशी आहे. मी कठड्यावर बसायचे, दोन मिनिटांनी उठून हळू चालायला लागायचे, आणि मग कसं कोण जाणे, पाय मोकळे व्हायचे. वर पोचेपर्यंत मी मैत्रिणींच्या बरोबरीला आलेली असायचे. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण मलाच ते खोटं वाटायचं. चौतिसाव्या वर्षी न्यूरॉलॉजिस्टनी पहिला प्रश्न तोच विचारला: "सुरुवातीला त्रास होऊन नंतर चालणं सोपं जातं का?" मला रडू आलं.

या आजाराचं नाव मॅकआर्डल. लंडनच्या गायज हॉस्पिटलमधल्या ब्रायन मॅकआर्डल यांनी १९५१ मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं. स्नायूत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजन, फोडणारं एन्झाइम आमच्या स्नायूंत नसतं. कोठार भरलेलं आणि किल्ली हरवलेली. पहिली सहा ते दहा मिनिटं स्नायू उपाशी असतो. मग रक्तातली साखर आणि चरबी पोचू लागते आणि चालणं सुकर होतं. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच हा आजार होतो. माझे आईवडील आते-मामेभावंडं होते.

या आजारात "व्यायाम नको" हा सल्ला चुकीचा आहे. बसून राहिलं की आहे ती ताकदही जाते आणि मग जिना चढणंसुद्धा स्नायूंना झेपत नाही. बेतानं, नियमित चालल्यानं मॅकआर्डलच्या रुग्णांची क्षमता वाढते, हे अभ्यासांत दिसलं आहे. व्यायामाआधी साखर घेतल्यानं सुरुवातीचा त्रास कमी होतो, हे जॉन व्हिसिंग आणि रोनाल्ड हॅलर यांनी २००३ मध्ये दाखवलं. मी रोज सकाळी पाऊण तास चालते, पहिली दहा मिनिटं अगदी सावकाश. हंडा उचलत नाही, दाराला लोंबकळत नाही, बसपाठी धावत नाही. परवा ऐंशी पायऱ्या एकदाही न थांबता चढले.

पण माझी पथ्यं दुसऱ्या कुणी उचलू नयेत, हेही सांगायला हवं. सीपीटी-२ नावाच्या दुसऱ्या एका विकारात चरबी जाळता येत नाही. तिथे पहिली दहा मिनिटं छान जातात आणि दोन तासांच्या ट्रेकनंतर, उपाशीपोटी किंवा तापात स्नायू फुटतात. मधल्या काळात सीपीके बहुधा नॉर्मल असतं. एकाला उपवास सोसतो, दुसऱ्याला तोच आयसीयूत नेतो. स्नायूंचे इतरही आनुवंशिक आजार आहेत, ज्यांत मुलांचं सीपीके हजारोंत असतं आणि त्यांना वेगळीच काळजी लागते. सीपीके एकच, कारणं अनेक. म्हणून डॉक्टर आधी आठवडाभर जड व्यायाम थांबवून तपासणी पुन्हा करायला सांगतात. तरीही चढलेलंच राहिलं तर कारण शोधावं लागतं.

भरती करणाऱ्या मुलांसाठी एक गोष्ट मुद्दाम. नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया या भागांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक बरेच आहेत. वाहकाला एरवी काहीच त्रास नसतो. अमेरिकी लष्करातल्या कृष्णवर्णीय सैनिकांच्या २०१६ च्या मोठ्या अभ्यासात वाहकांना व्यायामामुळे होणाऱ्या रॅब्डोचा धोका सुमारे दीडपट दिसला, मृत्यूचा धोका मात्र वाढलेला नव्हता. म्हणजे वाहकानं भरती सोडायची गरज नाही. उन्हात एकदम १६०० मीटर जीव तोडून धावण्याऐवजी आठवड्याआठवड्यानं वाढवत न्यायचं, पाणी प्यायचं, ताप असताना धावायचं नाही, आणि पाय घट्ट झाले की थांबायचं. आपण वाहक आहोत का, हे साध्या रक्ततपासणीत कळतं.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. दहा मिनिटांत भाच्याचा फोन आला. "आत्या, लघवी पिवळीच आहे. पण मांड्या अजून घट्ट लागतात. आणि परवा वेदनाशामक गोळी घेतली होती." गोळी बंद करायला सांगितली आणि त्याच संध्याकाळी सीपीकेसोबत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम करून घ्यायला लावलं. सीपीके २,६०० वर उतरलं होतं, बाकी दोन्ही नॉर्मल. आता आठवडाभर बैठका बंद, फक्त चालणं. पुढच्या सोमवारी पुन्हा तपासणी आहे, आणि मी त्याच्याबरोबर जाणार आहे.