शब्दांची किंमत सात टक्के? मग हा मेसेज तरी कशाला लिहिला!

'लोकांचा विश्वास जिंकणाऱ्या उद्योजकाचे पाच मंत्र' नावाचा मेसेज सध्या नागपुरातल्या धंदेवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतोय. बुटीबोरीपासून इतवारीपर्यंत ज्याला त्याला आलाय. फिरो बापडा, असं म्हणून मी सोडूनही दिला असता, पण माझ्या भाच्याने तो मनावर घेतला. हिंगणा रोडला त्याचा लाकडी घाणा आहे. जवसाच्या तेलाचा एक घाणा खवट निघाला, गिऱ्हाइकं फोनवर फोन करताहेत, आणि हा आरशासमोर छाती काढून उभं राहायचा सराव करतोय. का? तर म्हणे, "मामाजी, आपण काय बोलतो त्याले सातच टक्के किंमत असते."

तर मंत्र पहिला: संवादात शब्द ७ टक्के, आवाज ३८ टक्के, देहबोली ५५ टक्के. "हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय."

काय सिद्ध केलंय ते ऐका. कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांनी सहकाऱ्यांसोबत १९६७ साली दोन छोटे प्रयोग प्रसिद्ध केले. एकात 'थँक्स', 'टेरिबल' असे सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवले. दुसऱ्यात 'मेबी' हा एकच शब्द तीन सुरांत ऐकवला आणि सोबत चेहऱ्यांचे फोटो दाखवले. विचारलं काय, तर बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतो की नाही. बस्स. त्यात भाषण नव्हतं, धंदा नव्हता, एक पूर्ण वाक्यसुद्धा नव्हतं. शब्द, आवाज आणि चेहरा हे तिन्ही एका प्रयोगात एकत्र तपासलेलेच नाहीत. दोन प्रयोगांचे निकाल जोडून ते सूत्र बनवलं. आणि ते ५५ टक्के चेहऱ्याचे आहेत. छाती, खांदे, हस्तांदोलन कोणी मोजलंच नव्हतं, तेव्हा भाच्याचा आरसा तिथेच बाद झाला. माणूस स्वतःच्या भावना किंवा आवडनिवड सांगत असेल तरच हे सूत्र लावा, असं खुद्द मेहराबियन यांनीच बजावून ठेवलंय.

आणखी गंमत म्हणजे हा मेसेज स्वतः निव्वळ शब्दांचा आहे. त्याला ना आवाज, ना चेहरा. तरी भाच्याला तो शंभर टक्के पटला.

चेहऱ्यावर काहीच अवलंबून नसतं असं मी म्हणत नाही. मालक गिऱ्हाइकाशी बोलताना मोबाइलमध्ये डोकं घालून बसला तर राग येणारच. तेवढं कबूल. पण खवट तेलाचा वास ताठ मानेने जात नाही.

दुसरा मंत्र मात्र नुसता खुळा नाही, घातक आहे: "चूक कधीही मान्य करू नका, माफी म्हणजे दुबळेपणा." ऑक्टोबर २००३ आठवा. आपल्याच महाराष्ट्रात कॅडबरीच्या चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्या. कंपनी आधी म्हणाली, कारखान्यात असं होऊच शकत नाही, दुकानदार माल नीट ठेवत नाहीत. त्यात थोडं तथ्य असेलही, पण अळी बघितलेल्या आईबापांना त्याचं काय? पुढे कंपनीला दुकानदारांना साठवणूक शिकवण्यासाठी 'विश्वास' नावाची मोहीम काढावी लागली, वेष्टन बदलून पक्कं सीलबंद करावं लागलं, आणि मग २००४ मध्ये अमिताभ बच्चन जाहिरातीत आले. लोक परतले, पण आधी वेष्टन बदललं होतं. नुसता बच्चन आणून भागलं असतं, तर एवढा खर्च कोणी केला असता का?

भाच्याकडे बच्चन नाही. त्याला दोन ओळी पुरतात: अमुक तारखेच्या घाण्याचं तेल खराब निघालं, वापरू नका, परत आणा, पैसे किंवा नवी बाटली घेऊन जा. यात दुबळं काय आहे?

तिसरा मंत्र, इंग्रजीत बोला म्हणजे वजन पडतं. सक्करदऱ्याच्या काकूंना जवसाचं तेल इंग्रजीत विकून दाखवा, मग बोलू. चौथा, समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून बोला. ठगही तेच करतात, पुढे चला.

पाचवा, "आकडे नको, गोष्ट सांगा." हा अर्धा खरा आहे, नाइलाजाने मान्य करतो. गोष्ट लक्षात राहते, आकडे विसरतात. पण गोष्टीखालचे आकडे खोटे असले तर? सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचे प्रमुख रामलिंग राजू यांच्याकडे गोष्ट होती, मान होता, २००८ मध्ये कंपनीला उत्तम कारभारासाठी गोल्डन पीकॉक पुरस्कारही मिळाला होता. ७ जानेवारी २००९ ला त्यांनीच संचालक मंडळाला पत्र लिहून कळवलं की ताळेबंदात दाखवलेली ५,०४० कोटींची रोकड आणि बँकशिल्लक फुगवलेली आहे, प्रत्यक्षात नाहीच. आता राजूंची देहबोली नेमकी कुठे कमी पडली, ते या पाच मंत्रवाल्यांनीच सांगावं.