व्हेपचा बहाणा आणि फुंकायचं मशीन

"साहेब, एक थेंब घेतलेला नाही, फक्त व्हेप ओढला होता." दारू पिऊन गाडी चालवण्याच्या तपासणीत, फुंकायच्या मशीनवर (ब्रेथ अॅनालायझरवर) आकडा आल्यावर असं कुणी पोलिसांना म्हटलं की लगेच हसू नका, आणि लगेच विश्वासही ठेवू नका. यात थोडं तथ्य आहे, पण लोक समजतात तेवढं नाही.

व्हेपच्या, म्हणजे ई-सिगरेटच्या, लिक्विडमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असतं, आणि केमिस्ट्रीत ही दोन्ही अल्कोहोलच्या घराण्यातली, म्हणून नेटवर बोंब की मशीन यांनाच दारू समजतं. अहो, दारूतलं इथेनॉल ७८ डिग्रीला उकळतं, प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८ ला, ते इथेनॉलसारखं सहज वाफ होऊन येत नाही. खरी गोम आहे फ्लेवरमध्ये. बरेच फ्लेवर इथेनॉलमध्येच विरघळवलेले असतात, म्हणजे काही लिक्विडमध्ये खरंखुरं इथेनॉल येतं आणि बाटलीवर ते लिहिलेलं असेलच असं नाही.

आता झुरका मारला आणि लगेच नळीत फुंकलं, तर काय होतं? मशीन धरून चालतं की ही हवा फुप्फुसाच्या तळातून आली, आणि हिशोब असा की २१०० मिली श्वासात जेवढं अल्कोहोल तेवढं १ मिली रक्तात. म्हणजे तोंडात, घशात चिकटलेला किंचितसा अंश आकड्यात थेट रक्तातला होऊन बसतो. पोलिसांच्या हातातल्या मशीनमध्ये बहुतेक वेळा फ्युएल सेल असतो, प्लॅटिनमवर इथेनॉल पोचलं की करंट, बस्स. ते पेगमधून आलं की माउथवॉशमधून की व्हेपमधून, त्या बिचाऱ्या सेलला काय कळणार? आणि ऑनलाइन मिळणारी सेमीकंडक्टरवाली स्वस्त खेळणी तर सिगरेटच्या धुरानेही बिथरतात, त्यांच्याबद्दल न बोललेलंच बरं.

पण हे तोंडातलं अल्कोहोल काही मिनिटांत उडून जातं. म्हणून तर १५ मिनिटं थांबायचं, काही खायचं-प्यायचं-ओढायचं नाही आणि मग परत फुंकायचं असा नियम बऱ्याच ठिकाणी आहे. आकडा तोंडातला असेल तर धाडकन खाली येतो, रक्तातला असेल तर जवळपास तिथेच राहतो, कधी वाढतोसुद्धा. त्यामुळे तीन पेग मारून वर मिंटचा व्हेप ओढणाऱ्या हुशार मंडळींनो, वास झाकला जाईल, फुप्फुसातून येणारं इथेनॉल नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे. गाड्यांची रांग लागलेली असताना १५ मिनिटं कोण थांबतंय? "काय घेतलंय?" एवढंच विचारतात, "आत्ता काही ओढलंत का?" हे कुणी विचारत नाही, खरं तर नळी पुढे करायच्या आधीच विचारायला हवं.

आणि तुम्ही अडकलात तर टेस्टला नाही म्हणू नका, अनेक देशांत नकार हाच वेगळा गुन्हा आहे. व्हेप ओढल्याचं आधीच सांगा, थोड्या वेळाने दुसरं सॅम्पल मागा, आणि त्या मधल्या वेळात टेन्शनमध्ये परत झुरका मारू नका, नाहीतर ती १५ मिनिटं पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतील.