'पित्त झालंय' म्हणजे नेमकं काय झालंय?

सकाळी उठल्या उठल्या डोकं धरलं, पित्त. लग्नात जेवून आल्यावर छातीत जळजळतंय, पित्त. अंगावर लाल गांधी उठल्या, तेही पित्त. उजव्या बरगडीखाली कळ येतेय, पित्तच असणार. मग मेडिकलमधून अ‍ॅसिडिटीची एक कॅप्सूल आणायची, सकाळी उपाशीपोटी घ्यायची आणि महिनोन्महिने तीच चालू ठेवायची. माझं स्पष्ट मत आहे की या एका शब्दाने आपलं फार नुकसान केलंय. हे चार त्रास चार वेगळ्या ठिकाणी सुरू होतात, चारही वेळा उपचार वेगळे, आणि ती कॅप्सूल त्यातल्या एकावरच नीट काम करते.

याचा दोष आयुर्वेदावर ढकलू नका. तिथे अम्लपित्त वेगळं, शीतपित्त वेगळं, अर्धं डोकं दुखण्याला अर्धावभेदक असं स्वतंत्र नाव आहे. सरमिसळ आपल्या बोलण्यात झाली. त्यात यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठणाऱ्या पित्तरसाची भर पडली. तो हिरवट-पिवळा, कडू आणि किंचित अल्कधर्मी असतो. छातीत जळजळ करतं ते बहुतेक वेळा जठरातलं आम्ल. गुणधर्म उलटे, पण घरात दोघांना नाव एकच.

डोक्यापासून सुरुवात करू. एका बाजूला ठणका, उजेड आणि आवाज नकोसा होणं, मळमळ, उलटी झाल्यावर हलकं वाटणं, ही लक्षणं बहुधा अर्धशिशीची, म्हणजे मायग्रेनची. ऊन, जागरण, जेवणाची वेळ टळणं, पाळीच्या आसपासचे दिवस ही तिची नेहमीची निमित्तं. 'पण उलटीत पिवळं कडू पाणी पडतं ना?' पडतं. अन्न आधीच पडून गेलेलं असतं, उमाळे मात्र थांबत नाहीत, मग लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातला पित्तरस जठरात मागे येतो आणि बाहेर पडतो. तो उलट्यांचा परिणाम आहे, डोकेदुखीचं कारण नव्हे. मायग्रेनमध्ये जठराची हालचालही मंदावते. त्यामुळे दोन तास कळ काढून मग घेतलेली गोळी पोटातच पडून राहते. डॉक्टरांनी दिलेलं औषध ठणका सुरू होताच घ्यायला हवं.

आणि रोज सकाळी मिठाचं पाणी पिऊन, घशात बोटं घालून 'पित्त काढायची' सवय कृपा करून सोडा. आम्लाने दातांचं एनॅमल झिजतं, जोराच्या उमाळ्यांनी अन्ननलिकेचं अस्तर फाटून रक्त येऊ शकतं. काढून ते संपतही नाही. जठर 24 तासांत दीड-दोन लिटर रस तयार करतं, तो पचनासाठी लागतोच.

गांधींचं म्हणाल तर तिथे पोटाचा संबंध थोडाच. त्वचेतल्या पेशींमधून हिस्टामिन नावाचं रसायन सुटतं. आमसुलाचं पाणी लावून गार वाटत असेल तर लावा, पण उतारा सेटिरिझिनसारख्या अँटिहिस्टामिन गोळीने पडतो. ओठ किंवा जीभ सुजली, श्वास लागला, तर आमसूल शोधत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

उजव्या बरगडीखालची कळ तेलकट जेवणानंतर येत असेल, अर्धा तास ते काही तास सलग टिकत असेल आणि उजव्या खांद्याकडे किंवा पाठीत जात असेल, तर पित्ताशयातल्या खड्यांचा विचार करावा. 6 ते 8 तास उपाशी राहून पोटाची सोनोग्राफी करायची. सोबत थंडी-ताप किंवा डोळे पिवळे झाले तर त्याच दिवशी डॉक्टरकडे.

आता खरी अ‍ॅसिडिटी. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. घास खाली गेला की ते आवळतं. ते सैल पडलं की आम्ल वर चढतं, आणि जठराला असतं तसं चिकट संरक्षक आवरण अन्ननलिकेला नसतं, म्हणून पोळतं. तुडुंब भरलेलं पोट, सुटलेलं पोट, दारू आणि तंबाखू ही कडं सैल पडण्याची कारणं. मशेरीही तंबाखूच आहे, हे घरातल्या बायकांना कुणी सांगतच नाही. तेलातुपाचं जेवण जठरात जास्त वेळ रेंगाळतं. दिवसभर नुसता चहा आणि रात्री कूट-तुपातली साबुदाण्याची खिचडी ताटभर, असा उपवास म्हणूनच बाधतो. गार दुधाने घटकाभर बरं वाटतं, नंतर त्यातल्या प्रथिनांनी आणि कॅल्शियमने आम्ल पुन्हा वाढतं.

रात्रीचं जेवण आणि आडवं होणं यात 3 तास ठेवा. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली 6 ते 8 इंच उंचीच्या विटा किंवा ठोकळे सरकवा. उशांवर उशा रचून काम होत नाही, त्याने पोट दुमडतं आणि दाब उलट वाढतो. डाव्या कुशीवर झोपा, म्हणजे जठर अन्ननलिकेच्या तोंडाच्या खालच्या बाजूला राहतं.

राहिली ती कॅप्सूल. पॅन्टोप्राझोल जठराच्या भिंतीतले आम्लाचे पंप बंद करतं, पण चालू असलेलेच. पंप जोमाने चालू होतात जेवणाने. म्हणून ती नाश्त्याच्या 30 ते 60 मिनिटं आधी घ्यायची. सकाळी 6 वाजता गोळी आणि पहिला घास 11 वाजता, असं असेल तर बराचसा डोस वाया गेला. पूर्ण परिणाम यायला काही दिवस लागतात, त्यामुळे ऐन जळजळीत तिचा उपयोग नाही, तिथे अँटासिडचं, म्हणजे आम्ल लगेच शमवणारं, पातळ औषध बरं. साध्या जळजळीला सहसा 4 ते 8 आठवड्यांचा कोर्स पुरतो. वर्षानुवर्षं घेतली तर बी-12 जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, आणि शाकाहारी माणसाकडे ते आधीच तुटपुंजं असतं. जोडीला डॉम्पेरिडोन हे मळमळ-उलटीचं औषध असलेली कॅप्सूल तर मनाने घेऊच नये. त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात, बायकांची पाळी चुकू शकते.

'बंद केली की दुप्पट जळजळतं' ही तक्रार खोटी नाही. आम्ल दाबून ठेवलं की गॅस्ट्रिन हे हार्मोन वाढतं, आणि गोळी थांबताच पंप जोरात उसळतात. 2009 मध्ये डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात कसलाही त्रास नसलेल्या माणसांना याच जातीची गोळी 8 आठवडे दिली, आणि बंद केल्यावर त्यातल्या अनेकांना जळजळ सुरू झाली. म्हणून डॉक्टरांना विचारून आधी डोस निम्मा, मग दिवसाआड, मग बंद, आणि मधल्या दोन-तीन आठवड्यांत लागेल तेव्हा अँटासिड.

काही जणांनी मात्र ती मनाने सोडायची नाही: रक्तस्राव झालेल्या अल्सरचे रुग्ण, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही रक्ताची गुठळी होऊ न देणारी दोन्ही औषधं चालू असलेले, संधिवातासाठी रोज वेदनाशामक घेणारे. आणि डांबरासारखी काळी चिकट शी, गिळताना अडकणं, विनाकारण घटलेलं वजन यातलं काही असेल तर गोळी बदलून पाहण्यात वेळ घालवू नका, एंडोस्कोपीचं, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून करायच्या तपासणीचं, विचारा. जळजळीसोबत घाम फुटला, जबडा किंवा डावा हात दुखू लागला, तर सोडा पिऊन ढेकर येण्याची वाट पाहू नका. लगेच 108 ला फोन करा आणि हॉस्पिटलमध्ये पोचताच आधी ईसीजी काढायला सांगा.