सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करा

शाळेत वर्ग चालू असताना बडबडणाऱ्याला भिंतीकडे तोंड करून उभं करत. आता भर कार्यक्रमात जो बडबडतो, त्याची बडबड फोटोसकट भिंतीवर झळकते आणि बाकीचे ती बघत बसतात. याला सोशल मीडिया वॉल म्हणतात. तुम्ही परिषद, संमेलन, गेला बाजार वार्षिक सभा भरवणार असाल आणि वक्ते कंटाळवाणे निघतील अशी रास्त भीती वाटत असेल, तर वक्ते बदलू नका. फार कष्ट पडतात. मंचामागे मोठा पडदा लावा, हॅशटॅग ठरवा आणि त्या हॅशटॅगच्या पोस्ट पडद्यावर सरकू द्या. ज्ञानेश्वरांना भिंत चालवायला योगसामर्थ्य लागलं. तुमचं काम सॉफ्टवेअरच्या वर्गणीत भागतं.

हॅशटॅग समितीकडून ठरवून घ्या. क्रिस मेसिना यांनी ऑगस्ट 2007 मध्ये ट्विटरवर ही कल्पना मांडली तेव्हा त्यांच्या डोक्यावर समिती नव्हती, म्हणून ती सुटसुटीत राहिली. तुमच्या हॅशटॅगमध्ये संस्थेचं पूर्ण नाव, वर्ष आणि अध्यक्षांना पहाटे सुचलेलं घोषवाक्य, सगळं सलग आलं पाहिजे. मोठ्याने वाचून मात्र बघू नका. 2012 मध्ये ब्रिटिश गायिका सुझन बॉइल यांच्या अल्बमच्या समारंभासाठी असाच सलग हॅशटॅग केला होता. लोकांनी तो भलत्याच जागी तोडून वाचला. काय निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण चर्चा जगभर झाली.

पडद्यावर जाण्याआधी प्रत्येक पोस्ट माणसाने तपासावी, असं काही भित्रे लोक सुचवतील. त्यांना पार्किंगच्या व्यवस्थेवर नेमा. डिसेंबर 2012 मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमजवळच्या आइस रिंकवर स्टारबक्सने अशीच भिंत लावली होती. सणाचा आनंद पसरवा, असं आवाहन होतं. कंपनी ब्रिटनमध्ये किती कमी कर भरते यावरून तेव्हा रान पेटलं होतं. नको त्या पोस्ट अडवणारी यंत्राची चाळणी चालली नाही, आणि लोकांनी करावरून हाणलेले टोमणे थेट मोठ्या पडद्यावर आले. सहभाग म्हणाल तर भरभरून. तुम्ही यंत्राच्या चाळणीवरच विसंबा. तिच्यात इंग्रजी शिव्या ठासून भरलेल्या असतात. रोमन लिपीत तीन तऱ्हांनी लिहिली जाणारी अस्सल मराठी शिवी तिला एखादं आडनाव वाटते.

भिंत वक्त्याच्या पाठीमागेच हवी, समोर नको. समोर असली तर वक्ता वाचेल आणि सावध होईल. 2009 मध्ये न्यूयॉर्कच्या एका परिषदेत संशोधक डॅना बॉइड बोलत होत्या आणि त्यांच्या मागे ट्विट सरकत होते. खाली हशा का पिकतोय हे त्यांना कळेना, कारण त्यांच्यावरचेच शेरे त्यांच्या पाठीवर चालले होते. हसू सगळ्यांचं एकाच क्षणी फुटत होतं. समुदायबांधणी याहून वेगळी ती काय असते!

सुरुवातीला भिंत रिकामी राहते. घाबरू नका, कार्यालयातल्या सहा जणांना कामाला लावा. ‘भारावून गेलो’ हे शब्द त्यांना आधीच वाटून द्या, मात्र सहाही जणांनी एकाच मिनिटाला भारावू नये एवढं बघा. सर्वाधिक पोस्टना बक्षीस जाहीर केलंत की एक उत्साही गृहस्थ स्वतःचेच चाळीस फोटो टाकतो आणि दुपारपर्यंत तुमच्या समुदायाला एक चेहरा मिळतो.

मग अहवाल. प्रत्येक पोस्टमागे ती टाकणाऱ्याचे सगळे फॉलोअर धरायचे आणि बेरीज करायची. चाळीस पोस्टवाल्याचे चाळीस वेळा. याला ‘संभाव्य पोहोच’ म्हणायचं. ‘संभाव्य’ बारीक अक्षरात छापावं. दोनशे खुर्च्यांच्या सभागृहातून लाखांचा आकडा निघतो, आणि पुढच्या वर्षी प्रायोजकाला दाखवायला तोच लागतो.

एखादा जुन्या वळणाचा श्रोता तिसऱ्या रांगेत हात वर करेल. त्याला खरंच काही विचारायचं असेल. माइक देऊ नका, हॅशटॅग लावून पोस्ट करायला सांगा. त्याचं खातं खासगी असलं तर पोस्ट भिंतीवर येणार नाही. दोन मिनिटं वाट बघा आणि प्रश्न संपले असं सांगून आभारप्रदर्शनाला सुरुवात करा.