श्रद्धा चरित्रात की संगीतात? रेक्विएमवरील एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपला आक्षेप मुद्देसूद आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. आपले म्हणणे थोडक्यात असे की, व्हेर्दी आणि ब्राम्स हे दोघेही संगीतकार चर्चच्या शिकवणुकीवर निःशंक विश्वास ठेवणारे नव्हते आणि त्यांची रेक्विएम, म्हणजे मृतांच्या स्मरणार्थ केलेल्या संगीतरचना, आज तिकीट लावून सभागृहात गायली जातात. तेव्हा त्यांना मृतांसाठीची प्रार्थना म्हणणे हे ढोंग आहे, आणि खरे धार्मिक स्मरणसंगीत चर्चच्या जुन्या, एकाच सुरावटीत चालणाऱ्या एकपदरी ग्रेगोरियन गायनापाशीच संपले.

दोघांच्या श्रद्धेविषयी आपण म्हणता ते मला मान्य आहे. मात्र त्यावरून काढलेला निष्कर्ष मान्य नाही, कारण रचना धार्मिक आहे की नाही हे रचनाकाराच्या चरित्रावरून नव्हे, तर त्याने त्या शब्दांना कसे वागवले यावरून ठरवावे लागते.

'चर्चच्या वेषातला ऑपेरा' हा आपण वापरलेला टोमणा जर्मन संगीतसंचालक हान्स फोन ब्यूलो यांनी व्हेर्दींच्या रेक्विएमला 1874 मध्येच मारला होता; पुढे 1892 मध्ये त्यांनी स्वतः व्हेर्दींची माफी मागितली, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. इटालियन लेखक मांझोनी यांच्या पहिल्या स्मृतिदिनी, 22 मे 1874 रोजी, ही रचना मिलानच्या सान मार्को चर्चमध्ये प्रथम सादर झाली आणि तीनच दिवसांनी ला स्काला या ऑपेरागृहात. नगाऱ्याचे दणके आणि तुताऱ्या ऐकून नाटकाची आठवण होते, हे खरेच. पण शेवटचा 'लिबेरा मे' ('मला सोडव') हा भाग लक्षपूर्वक ऐकावा. मास, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, संपल्यावर शवपेटीपाशी म्हणण्याची ही प्रार्थना सॉप्रानो (उंच पट्टीत गाणारी गायिका) वाद्यांच्या साथीविना, तालाच्या बंधनाविना, एकाच स्वरावर पुटपुटल्यासारखी म्हणते. ऑपेरातली नायिका मरताना अशी गात नाही. घाबरलेला माणूस पाठ असलेली प्रार्थना अशी म्हणतो. भीतीचा तो सगळा कल्लोळ पुन्हा उसळून ओसरतो आणि अखेर वृंद तेच मागणे अगदी दबक्या आवाजात मागत थांबतो. आपली सुटका झाली असे व्हेर्दी कुठेही सांगत नाहीत. मला हा प्रामाणिकपणा धार्मिक वाटतो.

ब्राम्स यांची गोष्ट वेगळी आहे. लॅटिन मासचे शब्द बाजूला ठेवून त्यांनी ल्यूथरच्या जर्मन बायबलमधली वचने स्वतः निवडली. लॅटिन पाठ मृतांसाठी विश्रांती मागून सुरू होतो. ब्राम्स शोक करणाऱ्यांना धन्य म्हणून सुरुवात करतात आणि मृतांना धन्य म्हणण्यापर्यंत शेवटच्या भागात पोहोचतात. संपूर्ण पहिल्या भागात व्हायोलिन गप्प आहेत. व्हायोला आणि चेलो यांच्या गडद नादातून वृंदाचा आवाज वर येतो. 1868 च्या गुड फ्रायडेला ब्रेमेनच्या कॅथीड्रलमध्ये हे गायले गेले, तेव्हा ख्रिस्ताचा उल्लेख नाही ही तक्रार तिथल्या मंडळींनीही केली होती. ती तक्रार आपल्या आक्षेपापेक्षा वजनदार आहे, कारण ती शब्दांविषयी आहे, माणसाविषयी नाही.

तिकिटाच्या मुद्द्यावर फार वाद घालत नाही. सभागृहात शवपेटी नसते, आणि त्याने फरक पडतोच.

राहिला ग्रेगोरियन गायनाचा प्रश्न. त्याविषयी आपल्याला असलेला आदर मलाही आहे. पण न्यायाच्या दिवसाचा थरकाप उडवणारे 'डिएस इरे' त्याच परंपरेतले आहे. पॅरिसच्या मादलेन चर्चचे गायनप्रमुख असलेले संगीतकार फोरे यांनी 1888 मध्ये आपल्या रेक्विएममध्ये त्यातले अखेरचे 'पिए येझू' ('दयाळू येशू') तेवढे ठेवले, बाकी वगळले. आणि 1970 च्या नव्या मिस्सा-ग्रंथात (मासच्या प्रार्थनांच्या पुस्तकात) चर्चनेही ते मृतांच्या मासमधून काढले. म्हणजे परंपरा स्वतःही निवड करत आली आहे. ती संपली असे तर मुळीच म्हणता येणार नाही: फ्रेंच संगीतकार द्यूरुफ्ले यांचे 1947 चे रेक्विएम त्याच ग्रेगोरियन सुरावटींवर उभे आहे, आणि त्या सुरावटी वृंद व वाद्यांच्या दाटीतही स्पष्ट ओळखू येतात. आपण ते ऐकले नसल्यास अवश्य ऐकावे, आणि तिथेही आपला आक्षेप टिकतो का ते कळवावे.